साहेबांची मिशी आणि बालीगंजचा जॉइंट

केबलच्या तंबूत श्वास सोडायला बंदी होती. घ्यायला हरकत नव्हती. हा नियम आमच्या साहेबांचा. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, एस्प्लनेडच्या फुटपाथवर उभ्या केलेल्या ताडपत्रीच्या तंबूत त्यांनी तो मला ओरडून सांगितला, कारण शेजारून ट्राम जात होती. नियम सांगताना त्यांचा स्वतःचाच एवढा श्वास खर्च झाला की उघड्या केबलला नंतर बराच वेळ पुठ्ठ्याने वारा घालावा लागला.

ते टेलिफोन खात्यात केबलचे साहेब होते आणि मी त्यांच्या हाताखाली नुकताच लागलेला इंजिनियर. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. कलकत्त्यात टेलिफोनची जुनी व्यवस्था काढून नवी बसवायचं काम जोरात होतं, निम्मे रस्ते खणलेले होते, आणि साताऱ्याहून आलेल्या मला बंगाली सोडाच, हिंदीसुद्धा धड येत नव्हतं. परक्या मुलखात मराठी बोलणारा साहेब मिळाला म्हणून मला केवढा आनंद झाला! तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला.

श्वासबंदीचं कारण मात्र खरं होतं. त्या काळची टेलिफोनची केबल म्हणजे शिशाची लांबच लांब नळी आणि तिच्या पोटात शेकडो तांब्याच्या तारा. प्रत्येक तारेला कागद गुंडाळलेला. दोन तारांच्या मधे काय ते त्या कागदाचंच पातळ अस्तर. कागद कोरडा असेल तोवर सगळं सुरळीत. तो जरा दमट झाला की या तारेतलं बोलणं त्या तारेत झिरपायचं, खरखर सुरू व्हायची आणि शेवटी सगळंच मुकं व्हायचं. म्हणून दोन केबली जोडताना ओलावा हा साहेबांचा एक नंबरचा शत्रू. आणि त्यांनी नोकरी केली कुठे? तर जिथे मिठाच्या बरणीत चमच्याऐवजी पळी घालावी लागते आणि धुतलेला सदरा वाळायच्या आत जुना होतो, त्या कलकत्त्यात.

साहेब बुटके होते. डोक्यावर केस नव्हते, आणि ती सगळी भरपाई मिशीने केली होती. मिशी भरघोस, दोन्ही टोकं वर वळवलेली, आणि ती टोकं ताठ राहावीत म्हणून ते त्यांना केबलच्या जॉइंटवर ओतायचं मेण लावत. बाजारात मिशीला लावायचं मेण मिळत नव्हतं असं नाही. पण ते म्हणत, "त्या मेणात पाण्याचा अंश असतो. हे आपलं खात्रीचं." या खात्रीच्या मेणाची अडचण एवढीच होती, की साहेब ब्लो-लॅम्पच्या ज्योतीजवळ गेले की मिशीची टोकं हळूहळू खाली येऊ लागत. काम किती झालंय हे कळायला आम्हांला घड्याळ लागत नसे. टोकं आडवी झाली की अर्धं काम झालं. हनुवटीकडे बघू लागली की चहाची वेळ.

तंबूतली खरी पंचाईत वेगळीच होती. तारा जोडणारे आमचे जॉइंटर सगळे बंगाली. बंगाली माणसाला एक वेळ जेवू घालू नका, पण गप्पा मारू नका असं सांगणं म्हणजे त्याच्या जिवावर उठण्यासारखं आहे. आणि इथे तर चार माणसं एका खड्ड्यात, गुडघ्याला गुडघा लावून, हातातलं काम बोटांच्या सवयीने आपोआप चाललेलं. अशा वेळी गप्प बसायचं म्हणजे काय! मग ते खुणांनी बोलत. इलिश मासा श्रेष्ठ की चिंगडी म्हणजे कोळंबी, हा वाद मी एक अख्खी दुपार नुसत्या भुवयांनी चाललेला पाहिलेला आहे. त्यात एकजण रागावून तंबूबाहेर निघूनही गेला.

आणि साहेब स्वतः? ते अखंड बोलत. फक्त तोंडावर पंचा गुंडाळून बोलत, त्यामुळे ते नियमात बसे. पंच्यातून येणारं ते बोलणं मराठी आहे, हिंदी आहे की बंगाली, हे मला कधी कळलं नाही. ते कळायचं एकट्या नोनीदांना. नोनीदा आमचे सगळ्यांत जुने जॉइंटर. पूर्व बंगालचे, हाडं मोजून घ्यावीत असे बारीक, आणि इलिशच्या बाजूने भुवया उडवणारे मुख्य वकील तेच. साहेब पंच्यातून काहीतरी गुरगुरले की नोनीदा शांतपणे जाहीर करत, "सार बोलता है, मोम गरम करो." आणि ते नेहमी बरोबर असे.

साहेबांचं एक पालुपद होतं: "आधी बाही." दोन केबलींच्या तारा जोडून झाल्या की त्या सगळ्या जुडग्यावर शिशाची एक रुंद नळी सरकवून दोन्ही टोकांना डाग देऊन बंद करतात. साहेब त्या नळीला बाही म्हणत. आता ही बाही तारा जोडायच्या आधीच केबलवर ओवून ठेवावी लागते. एकदा तारा जोडल्या की ती वरून घालता येत नाही. एका नव्या जॉइंटरने एकदा दिवसभर खपून शेकडो तारा जोडल्या, घाम पुसला, आणि बाजूला बघतो तर बाही आपली फुटपाथवर पडलेली. साहेब त्याला ओरडले नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला, त्याच्या शेजारी बसले, त्याचा चहा संपू दिला आणि मग अगदी प्रेमाने म्हणाले, "आता तोड."

तेव्हापासून, किंवा कदाचित त्याच्याही आधीपासून, ते जगातल्या सगळ्या गोष्टींना बाही लावत. कुणी बूट घालायला लागला, "आधी बाही," म्हणजे मोजे घातलेस का. कुणी घराला कुलूप लावलं, "आधी बाही," म्हणजे किल्ली आत तर नाही ना राहिली. माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, "बाही ओवलीस?" मी काहीतरी हो म्हटलं. अजूनही मला कळलेलं नाही की त्या बाबतीत बाही म्हणजे नेमकं काय, पण लग्नाच्या दिवशी अंतरपाट दूर होईपर्यंत मी तेच आठवत उभा होतो.

त्यांचं घर बालीगंजला होतं. दर रविवारी मला तिथे जेवायला बोलावणं असे. ते साहेबांचं नव्हे, काकूंचं. काकू म्हणजे साहेबांची बायको. उंच, शांत, नऊवारी नेसणाऱ्या, आणि साहेबांच्या बोलण्यात जिथे जरा फट मिळेल तिथे एकच वाक्य नेमकं सरकवणाऱ्या. कलकत्त्यात जन्म गेला, पण उन्हाळ्यात कुरडया घालायचं त्यांनी सोडलं नव्हतं. गच्चीवर त्या कुरडया वाळायला ठेवत आणि कलकत्त्याची हवा त्या पुन्हा मऊ करून परत देई.

या कुरडयांचा आणि केबलचा संबंध साहेबांनी लावला होता. केबलचा कागद कोरडा आहे की नाही हे बघायची एक पद्धत असते. त्याचा कपटा कढत मेणात टाकायचा आणि कान द्यायचा. तडतडला तर ओला, गप्प बसला तर कोरडा. साहेब रविवारी सकाळी कुरडईचा तुकडा मोडून काकूंच्या कढईत टाकत आणि कान कढईला लावत. "ओली आहे. अजून दोन उन्हं."

"अहो, कुरडई आहे ती. तडतडायलाच हवी," काकू म्हणत.

"तडतडणं वेगळं आणि चुरचुरणं वेगळं. तुला फरक कळत नाही."

"कान भाजून घेतलात तर तोही कळायचा नाही तुम्हांला."

काकूंना नवऱ्याच्या कामाचं कौतुक फार होतं, पण ते काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "एकदा दाखवा तरी," असं त्या माझ्यादेखत कितीदा तरी म्हणाल्या. साहेब म्हणत, "तू तंबूत आलीस की श्वास सोडशील." काकू म्हणत, "मग काय, इतकी वर्षं तुमच्या घरात मी तो धरून बसले आहे?" यावर साहेब कुरडई खात.

आता मिशीच्या पैजेकडे येतो. साहेबांना आपल्या हाताचा गर्व होता, आणि तो सार्थ होता. जॉइंटच्या टोकांना शिशाचा डाग देताना वितळलेला रस पळीने ओतायचा आणि चरबी लावलेल्या जाड फडक्याने तो हाताखाली पुसत पुसत आकाराला आणायचा, हे काम कारागिरीचं. रस जास्त गरम असला तर वाहून जातो, थंड झाला तर गोळा बसतो. दुसऱ्या कुणाचा जॉइंट पाहिला की साहेब मान हलवत. "हा बटाटा झाला. वांगं पाहिजे." त्यांचा स्वतःचा जॉइंट मात्र खरोखरच दोन्हीकडे निमुळता, तुकतुकीत, भरताला घ्यावा असा वाटे. तो झाला की वरून साबणाचा फेस लावून, आत हवा भरून बुडबुडा येतो का ते पाहायचं. साहेबांच्या जॉइंटवर बुडबुडा कधी आलाच नाही.

एक दिवस गोदामात डबे उघडून जेवत असताना ते नोनीदांना म्हणाले, "मी केलेला एक जॉइंट जरी माझ्या रिटायरमेंटच्या आत आतून बिघडला, तर ही मिशी उतरवीन."

नोनीदा इलिश खात होते. त्यांनी काटा काळजीपूर्वक बाजूला काढला आणि म्हणाले, "और नेहीं बिगड़ा, तो हम इलिश छोड़ देगा."

ज्यांना नोनीदा माहीत नाहीत त्यांना यातली जोखीम कळायची नाही. साहेबांची मिशी पुन्हा उगवली असती. नोनीदांचा पश्चात्ताप जन्मभर टिकला असता. साहेबांना रिटायर व्हायला फार काळ उरला नव्हता, आणि जसजसे महिने जात होते तसतसे नोनीदा इलिशच्या तुकड्याकडे निरोप देत असल्यासारखे बघू लागले होते.

अशातच बालीगंजच्या नव्या केबलचं काम निघालं. साहेबांच्या हातून झालेली ती सगळ्यांत मोठी केबल, आणि रिटायर होण्यापूर्वीची शेवटची मोठी. मॅनहोल त्यांच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर होता. तारा जोडण्यात दिवसच्या दिवस गेले. शेवटच्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्या जुडग्यावर कढत मेण ओतून ते कोरडं खडखडीत केलं, मिशीची टोकं आडव्याच्याही खाली आली, आणि ते पंच्यातून काहीतरी गुरगुरले. "सार बोलता है, बाही सरकाओ," नोनीदांनी सांगितलं. बाही सरकवणार, तोच तंबूचा पडदा उघडला आणि काकू आत आल्या.

ठेवणीतली नऊवारी, नथ, हातात चांदीची वाटी. दोन गल्ल्यांसाठी हातरिक्षा करून आल्या होत्या. "शेवटचं मोठं काम म्हणालात ना काल," त्या साहेबांना म्हणाल्या, "म्हटलं चार अक्षता टाकून येते. एवढ्या तारांचं लग्न लावलंत, अक्षता कुणी टाकल्या?"

कुंकू कालवून केलेल्या ताज्या, ओलसर अक्षता. वाटी भरून!

साहेबांनी पंचा खाली घेतला. त्यांना काय म्हणायचं होतं ते तोंडावर पंचा नसतानाही कळलं नसतं. एवढ्यात बाहेर आणखी घोळ झाला. नटूनथटून बाई ताडपत्रीच्या तंबूत शिरली हे पाहून रस्त्यावरच्या बायका जमल्या होत्या. एका म्हातारीने पडद्यातून डोकं घालून विचारलं, "कोन ठाकुर?" कुठला देव आहे आत, असं. कुणी उत्तर द्यायच्या आत तिने जॉइंटला नमस्कार केला. मागच्या दोघींनी जीभ हलवत उलुध्वनी सुरू केला, जसा बंगाल्यांत लग्नाच्या वेळी करतात, आणि समोरच्या घरातून कुणीतरी शंख फुंकला. त्या मुहूर्ताला काकूंनी डोळे मिटून ओंजळी भरभरून अक्षता टाकल्या. एकही दाणा बाहेर पडला नाही. सगळ्या अक्षता तारांच्या जुडग्यात खोल शिरल्या.

साहेबांचा हात दाणे वेचायला पुढे झाला.

"वेचू नका हो," काकू म्हणाल्या, "पडलेल्या अक्षता उचलू नयेत. अशुभ असतं."

साहेब काकूंकडे बघत राहिले. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आनंदाने चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याचं काम पाहिलं होतं आणि त्यांना ते अतिशय सुंदर वाटलं होतं. नोनीदा हळूच म्हणाले, "सार, ये चावल..." साहेब म्हणाले, "गप्प. बाही." आणि त्यांनी बाही सरकवली. डाग दिला, तोही असा की तसलं वांगं मी पुन्हा पाहिलं नाही. साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही. बाहेर बायकांनी आणखी एकदा उलुध्वनी केला. ओलावा कुठून आत शिरेल याची जन्मभर धास्ती घेतलेल्या माणसाने तो आपल्या हातांनी आत कोंडून वरून सील केलं होतं.

पुढे काय होणार हे तंबूतल्या आम्हां सगळ्यांना माहीत होतं. फक्त कधी, एवढाच प्रश्न होता. साहेब रोज सकाळी ऑफिसात आले की आधी बालीगंजच्या तक्रारी विचारत आणि आपली मिशी चाचपत. मला त्यांची फार दया येई, आणि हसूही येई, आणि दोन्ही एकदम आलं की मी फायलीत तोंड घालत असे.

दुर्गापूजेचे दिवस येता येता पहिली तक्रार आली. एका बॅरिस्टरांना अशिलाशी बोलताना मधेच एक बाई शुक्तोची कडवट भाजी कशी करायची ते सांगत होती. मग एका डॉक्टरांच्या पेशंटांना साड्यांच्या दुकानाचे भाव ऐकू येऊ लागले. एका एकट्या राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी उलट कळवलं, की दुरुस्तीची घाई करू नये, सध्या दुपार फार चांगली जाते. शेवटी खरखर एवढी वाढली की कुणालाच काही ऐकू येईना. केबलवर माप घेतलं. दोष निघाला तो बरोबर साहेबांच्या जॉइंटमध्ये.

दिल्लीहून दौऱ्यावर आलेले मोठे साहेब नेमके त्या दिवशी बरोबर होते. जॉइंट उघडला. शिशाला भोक नव्हतं, डागाला चीर नव्हती. आत गुलाबी पडलेला कागद आणि तांदळाचा एक बुरसटलेला गोळा. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"ये क्या है?"

"अक्षता," साहेब म्हणाले. "चावल, सर. कुंकुमवाला."

"केबल में चावल किसने डाला?"

नोनीदांनी तोंड उघडलं. साहेबांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते तसंच मिटलं. "मैंने," साहेब म्हणाले.

मोठे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी थोडा विचार केला आणि साहेबांना चक्क वाट काढून दिली. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात, तसा ओलावा शोषायला म्हणून काही प्रयोग केला होता का, असं त्यांनी विचारलं. मी मनात देवाला हात जोडले. नुसतं हो म्हणायचं होतं. अहवालात प्रयोग म्हणून गेलं असतं, कदाचित शाबासकीही मिळाली असती. आमचे साहेब ताठ उभे राहिले.

"नहीं सर. गीला करके डाला था."

"आगे से मत डालिये," एवढं म्हणून मोठे साहेब मोटारीत जाऊन बसले.

मिशीचं कुणी नावसुद्धा काढलं नसतं. पण साहेबांनी पंचा खांद्यावर टाकला आणि सरळ रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली बसणाऱ्या बिहारी न्हाव्यासमोर जाऊन पाटावर बसले. आम्ही सगळे मागोमाग. नोनीदा पुनःपुन्हा म्हणत होते, "सार, ये जॉइंट गिनती में नेहीं आयेगा. ये तो बौदी का जॉइंट है!" बौदी म्हणजे वहिनी, आमच्या काकू.

"वांगं माझं आहे," साहेब म्हणाले. ते त्यांनी मराठीत म्हटलं, पण नोनीदांना कळलं.

आता मिशी उतरवतात ती घरात कुणी गेल्यावर. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन हळू आवाजात विचारलं, "कौन गुज़र गये, बाबूजी?" साहेब काही बोलेनात. मागे चार जॉइंटर खाली माना घालून उभे, नोनीदा तर डोळेच पुसत होते. न्हाव्याने पुढे काही विचारलं नाही. फार हळुवारपणे मिशी उतरवली. जाता-येता दोन-तीन माणसं थांबली आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून गेली. मेणामुळे वस्तरा मात्र दोनदा अडला.

घरी जाताना साहेबांनी मला बरोबर घेतलं, आणि काकूंना यातलं अक्षर सांगायचं नाही असं बजावलं. दार काकूंनीच उघडलं. त्यांनी त्या उघड्या ओठाकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"अगं बाई! कोण गेलं? तार आली का? वाईचे मामा?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग तुमची आत्या? सांगा हो!"

"कुणी गेलं नाही. मिशीच गेली. ब्लो-लॅम्पची ज्योत लागली." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली.

काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं त्या रडताहेत. पण त्या हसत होत्या. पोट धरून हसत होत्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "नक्की दृष्ट लागली. कामाचं एवढं कौतुक झालं ना त्या दिवशी. थांबा." दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या जेवणाच्या डब्याबरोबर आणखी एक डबा दिला. अक्षतांचा. "यापुढे लहान का होईना, जॉइंट असला की न विसरता टाकत जा."

साहेबांनी तो डबा दोन्ही हातांनी घेतला. आणि त्यानंतर दर जॉइंटला तसा डबा येतच राहिला.

साहेबांनी त्यावर जी युक्ती काढली ती त्यांनाच सुचावी. गोदामात भंगार केबलचे वीतभर लांबीचे तुकडे पडलेले असत. असे दोन तुकडे घेऊन ते बसत. त्यांच्या सगळ्या तारा रीतसर जोडत, कढत मेण ओतत, त्या दिवसाच्या अक्षता आत टाकत, बाही सरकवत, आणि दोन्ही टोकांना डाग देऊन ते वांगं फळीवर मांडून ठेवत. एकही टोक कुठे जात नव्हतं. पण फेस लावून बुडबुड्याची परीक्षा मात्र ते चुकवत नसत. फळीवर वांग्यांची रांग वाढत गेली, आणि गावातल्या खऱ्या केबली कोरड्या राहिल्या. नोनीदांनी त्या हंगामात इलिश सोडला होता. जिंकल्यावरही सोडला होता, दुःख म्हणून. निदान आमच्यादेखत तरी खाल्ला नाही.

साहेब रिटायर झाले त्या दिवशी आम्ही गोदामातच निरोपाचा चहा ठेवला. मिशी तोवर पुन्हा आली होती. काकूही आल्या. भाषणं झाली, हार झाले, आणि मग हिंडता हिंडता काकू त्या फळीसमोर उभ्या राहिल्या.

"हे काय हो?"

"तुझ्या अक्षता," साहेब म्हणाले. "सगळ्या यात आहेत."

काकूंनी एक वांगं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, दोन्ही टोकं पाहिली. "यातून कोण बोलतं?"

"कुणी नाही."

"बरं झालं. म्हणजे हे बिघडलं तरी मिशी काढायला नको."

साहेबांनी वळून नोनीदांकडे पाहिलं. नोनीदा छताकडे बघत होते.

"त्यांना कशाला बघता? त्यांनी दुसऱ्याच दिवशी घरी येऊन सांगितलं मला. रडत होते बिचारे." काकूंनी ते वांगं जपून जागेवर ठेवलं. "पुढचे डबे मी मुद्दामच देत होते. म्हटलं, एक दिवस तरी म्हणाल, नको गं बाई, तुझ्या अक्षतांनी माझं वाटोळं झालं. वाट बघत होते. पण तुम्ही आपले दर वेळी दोन्ही हातांनी घेताय."

साहेबांनी मिशीची दोन्ही टोकं वर वळवली आणि विचारलं, "आज आणलायस का डबा?"

काकूंनी पिशवीतून डबा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.